पाटी कुणासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कुठल्याही मोठ्या सार्वजनिक इमारतीच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलं, तर एक गोष्ट हमखास दिसते. आत येणारा नवा माणूस पाटी वाचत नाही. तो सरळ रखवालदाराकडे जातो. रखवालदार जागेवर नसला तर चहाच्या टपरीवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात विचारतो. तिथं पाट्या नसतात असं नाही, चांगल्या डझनावारी असतात. तरीही माणूस विचारतो, आणि विचारताना थोडा ओशाळतो. 'मी इथं नवीन आहे हो' अशी सुरुवात करतो, जणू नवीन असणं हा अपराधच आहे.

आज मला या ओशाळण्याबद्दल बोलायचं आहे. सार्वजनिक जागेत माणसाला वाट सापडत नसेल, तर दोष माणसाचा नसतो, त्या जागेचा असतो. हे एकदा मान्य केलं की पाटीकडे बघण्याची आपली नजरच बदलते. मग पाटी ही शोभेची, नियमपूर्तीची किंवा उद्घाटनाच्या फोटोची वस्तू राहत नाही. ती एका अनोळखी माणसाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर ठरते. आणि उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न ऐकावा लागतो.

या विषयाला इंग्रजीत 'वेफाइंडिंग' म्हणतात. आपण त्याला मार्गशोध म्हणू. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारानं १९६० साली 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तक लिहिलं. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या रहिवाशांना त्यानं विचारलं, की तुमच्या मनातलं शहर कागदावर काढून दाखवा, रोजच्या वाटेचं वर्णन करा. नकाशात काय आहे यापेक्षा माणसाच्या डोक्यात काय आहे, हे त्याला हवं होतं. लोकांच्या सांगण्यातून त्याला पाच गोष्टी पुन:पुन्हा सापडल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणा.

पुण्याचंच उदाहरण घ्या. लक्ष्मी रस्ता ही वाट. मुठा नदी ही कडा, कारण 'नदीच्या अलीकडे की पलीकडे' हा प्रश्न पुणेकर आधी विचारतो. पेठा या वस्त्या. अलका टॉकीजचा चौक हे नाकं. आणि खुणांना तर तोटाच नाही. पत्र्या मारुती, सोन्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती! देव एकच, पण पत्ता सांगता यावा म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव. ही नावं कुठल्या समितीनं ठरवली नाहीत. वाट सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्याला सोयीची पडली म्हणून ती टिकली.

खूण किती चिवट असते पाहा. मुंबईत काळा घोडा म्हणून ज्या चौकाला ओळखतात, तिथला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवला गेला. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला, पण पत्ता तोच राहिला. पन्नासहून अधिक वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी भेटत होते! शेवटी २०१७ साली तिथं नवा काळा घोडा बसवला, स्वाराशिवाय. लोकांच्या मनातला नकाशा कागदावरच्या नकाशापेक्षा जास्त टिकतो, तो असा.

उघड्यावर, जुन्या गावात, हे सगळं आपोआप घडतं. अडचण सुरू होते ती मोठ्या बंदिस्त जागांत. रुग्णालय, न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, विद्यापीठ, मोठं स्थानक. तिथं सगळे बोळ सारखे, भिंतींचा रंग सारखा, दारं सारखी, उजेडही ट्यूबलाइटचा आणि सारखाच. मारुती नाही, पिंपळ नाही, नदी नाही. माणूस दोन वळणं घेतो आणि कुठल्या दिशेनं आलो हेच विसरतो. अशा जागेत खुणांचं काम पाट्यांना करावं लागतं.

पाटी कुठं लावायची, याचं उत्तर सोपं आहे. चालणाऱ्या माणसाला सगळ्या वाटेवर माहिती लागत नाही. ती लागते जिथं वाट फुटते तिथं. वळण घेतल्यावर 'आपण बरोबर चाललो आहोत ना?' अशी शंका येते, तिथं दुसरी पाटी लागते. आणि पोहोचल्यावर 'हो, हेच ते' असं सांगणारी तिसरी. आपल्याकडे काय होतं? प्रवेशद्वाराशी चाळीस ओळींचा एक भलामोठा फलक असतो. तो वाचून माणूस 'खोली क्रमांक ११७, दुसरा मजला, ब विंग' असं पुटपुटत निघतो. पहिल्याच तिठ्यावर त्याला कळत नाही की ब विंग डावीकडे की उजवीकडे. तिथं पाटी नसते. तिथं असतो अग्निशामक सिलिंडर आणि 'शांतता राखा'.

वाचणाऱ्याच्या बाजूनं विचार करून पाट्या करायच्या म्हणजे काय, याचा धडा ब्रिटनमधल्या रस्त्यांनी घालून दिला. तिथला पहिला मोटारवे, म्हणजे प्रेस्टनचा वळणरस्ता, १९५८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. त्यावरच्या पाट्यांचं काम जॉक किनियर आणि त्यांची विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्याकडे होतं. वेगानं गाडी चालवणाऱ्या माणसाला पाटीवरून नेमकं काय कळायला हवं, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. त्याआधी पाट्यांवर बहुधा सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असत. यांनी पहिलं अक्षर मोठं आणि पुढची लहान अशी रचना केली, कारण ओळखीचा शब्द आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही, त्याचा आकार ओळखतो. अशा पाट्या किती अंतरावरून वाचता येतात हे तपासायला माणसांना एका हवाई तळावर रांगेनं बसवलं आणि पाट्या लावलेली मोटार त्यांच्या दिशेनं चालवत आणली. टेबलावर बसून 'छान दिसते' म्हणणं निराळं आणि ही परीक्षा निराळी.

पुढे सगळ्या ब्रिटनसाठी त्यांनी पाट्या केल्या आणि १ जानेवारी १९६५ पासून त्या लागू झाल्या. शाळेजवळच्या जुन्या पाटीवर टोपी घातलेला मुलगा मुलीला घेऊन जाताना दिसे. कॅल्व्हर्टबाईंनी ते चित्र बदललं. नव्या पाटीवर मुलगी लहान मुलाचा हात धरून त्याला नेते. ती मुलगी म्हणजे लहानपणीच्या त्या स्वतःच. गुरांसाठी सावध करणाऱ्या पाटीवरची गाय त्यांच्या नातेवाइकांच्या शेतावरची होती, तिचं नाव पेशन्स. पाटी सरकारी असली तरी ती माणसानं माणसासाठी केलेली असू शकते, याची ही खूण.

दुसरं उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचं. हॅरी बेक हा तिथला आरेखक. त्यानं १९३१ साली एक नकाशा काढला. त्यात त्यानं भूगोल जवळजवळ टाकून दिला. थेम्स नदी तेवढी ठेवली. रेषा फक्त उभ्या, आडव्या आणि तिरक्या, स्थानकं साधारण सारख्या अंतरावर, विजेच्या मंडलाची आकृती असावी तशी. अधिकाऱ्यांना आधी ते पटेना. पण १९३३ साली नकाशा छापून लोकांच्या हाती दिला आणि लोकांनी तो उचलून धरला. कारण भुयारातल्या प्रवाशाचा प्रश्न 'मी जमिनीच्या कुठल्या भागाखाली आहे' हा नसतोच. 'कुठं बसू, कुठं बदलू, कुठं उतरू' एवढंच त्याला हवं असतं. आज जगभरातल्या मेट्रोंचे नकाशे बेकच्या वाटेनं जातात, आपल्या मुंबई-पुण्याचेसुद्धा.

मात्र हाच नकाशा हातात घेऊन लोक लंडनमध्ये पायी हिंडू लागले, तेव्हा फसगत झाली. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांत जेमतेम २६० मीटर अंतर आहे. नकाशात मात्र ते इतर स्थानकांसारखंच दिसतं. नवखा माणूस त्यासाठी जिने उतरतो, गाडीची वाट बघतो आणि पुन्हा जिने चढतो. म्हणून २००७ पासून लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी 'लेजिबल लंडन' नावाचे वेगळे नकाशे उभे राहू लागले. त्यांचा विशेष असा की उत्तर दिशा वर, हा नियम ते पाळत नाहीत. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात, ती दिशा नकाशात वर असते. समोरचं समोर, डावीकडचं डावीकडे. आणि अंतर पायांच्या भाषेत, म्हणजे पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल, याचं वर्तुळ. गाडीतल्या माणसाचा नकाशा वेगळा आणि चालणाऱ्याचा वेगळा. जागा तीच, पण प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं.

हे सगळं वाचता येणाऱ्यांचं झालं. ज्याला वाचता येत नाही, किंवा तिथली लिपी येत नाही, त्याचं काय? मेक्सिको शहराची मेट्रो सप्टेंबर १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न समोर होता. अक्षरओळख नसलेले प्रवासी खूप होते. लान्स वायमन या रचनाकाराच्या पुढाकारानं तिथं प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र मिळालं. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्याची टेकडी, म्हणून तिथं नाकतोडा. हे चित्र त्या त्या जागेच्या इतिहासातून, नावातून घेतलं, म्हणून ते लोकांना आपलं वाटलं. 'नाकतोड्यावर उतर' असं आजीही सांगू शकते आणि परदेशी पाहुणाही समजू शकतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपण मतपेट्यांवर चिन्हं लावली आणि कोट्यवधी निरक्षर मतदारांनी आपली पेटी बरोबर ओळखली. मतदानासाठी जे आपल्याला सुचलं, ते दवाखान्यासाठी आणि बसस्थानकासाठी का सुचू नये?

ज्याला दिसतच नाही, त्याच्यासाठी जपाननं एक वाट दाखवली. सेइइची मियाके यांनी १९६५ साली उठावाच्या फरश्या तयार केल्या. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. त्यांची भाषा दोनच शब्दांची आहे. लांब उंचवट्यांची फरशी म्हणजे 'चला' आणि गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे 'थांबा, पुढे काही आहे'. पायाला आणि पांढऱ्या काठीला कळणारी ही पाटीच. आता आपल्या मेट्रो स्थानकांत आणि काही पदपथांवर या पिवळ्या फरश्या दिसतात. पण मी अशा कितीतरी पट्ट्या बघितल्या आहेत ज्या सरळ जाऊन विजेच्या खांबाला भिडतात, किंवा ज्यांच्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. एका ठिकाणी तर ठिपक्यांच्या आणि रेघांच्या फरश्या एकाआड एक बसवल्या होत्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या, दिसायला छान म्हणून! 'चला-थांबा-चला-थांबा' असं सांगणारी ती वाट. कंत्राटदारानं फरश्या बसवल्या, बिल निघालं, कागदोपत्री काम पूर्ण झालं. फक्त एका अंध माणसाला त्यावरून चालवून बघायचं राहिलं. सुगम्य भारत अभियान २०१५ च्या ३ डिसेंबरला सुरू झालं, दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली आला. कायदा फरशी बसवायला लावू शकतो. ती कुणासाठी आहे, याची आठवण मात्र बसवणाऱ्यालाच ठेवावी लागते.

आता आकड्यांबद्दल थोडं. आकडा ही वाट सांगण्याची फार जुनी आणि नेटकी सोय आहे. आषाढी वारीत लाखांची गर्दी असते, तरी वारकरी आपल्या माणसांपर्यंत पोहोचतो, कारण त्याला एवढंच लक्षात ठेवायचं असतं, की आपली दिंडी रथापुढे की रथामागे, आणि नंबर कितवा. माउलींचा रथ हा मध्य धरला की पुढचं-मागचं ठरतं. लिहिता-वाचता न येणारी म्हातारीसुद्धा हा पत्ता पाठ म्हणते. टोकियोच्या मेट्रोनं २००४ साली प्रत्येक स्थानकाला मार्गाचं अक्षर आणि क्रमांक दिले, तेही यासाठीच. जपानी न येणाऱ्यालाही आकडा वाचता येतो, आणि अजून किती स्थानकं राहिली हे मोजता येतं.

पण आकडा उपयोगी पडतो तो एका जागी एकदाच असला तर. दादर स्थानकात वर्षानुवर्षं काय होतं? पश्चिम रेल्वेचे फलाट एकपासून सुरू होत आणि मध्य रेल्वेचेही एकपासूनच. एकच पूल दोन्हींवरून जाणारा, आणि त्यावर दोन एक नंबर! रोजच्या प्रवाशाला यात काही वावगं वाटत नसे, कारण तो पाटी वाचतच नव्हता. त्याचे पाय वाट जाणत होते. फसायचा तो गावाहून आलेला, हातात पिशव्या, कडेवर मूल असलेला माणूस. त्याला कुणी सांगितलेलं असायचं, 'एक नंबरवर ये'. शेवटी ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना नवे क्रमांक मिळाले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. यासाठी नवा पूल बांधावा लागला नाही, रूळ हलवावे लागले नाहीत. लागलं एवढंच, की दोन रेल्वे हे प्रशासनाचं विभाजन आहे, प्रवाशाच्या दृष्टीनं दादर एकच आहे, हे मान्य करणं. कार्यालयाची रचना वेगळी आणि माणसाची वाट वेगळी. पाटी वाटेप्रमाणे हवी.

हे सगळ्यात जास्त कुठं भोवत असेल, तर रुग्णालयात. तिथं येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो, आणि त्याला वेळेत पोहोचायचं असतं. एका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मी एक सकाळ रखवालदाराच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. एक बाई आल्या, साठीच्या असतील. हातात केसपेपर. म्हणाल्या, "दादा, डॉक्टरांनी रक्त तपासून आणा म्हटलंय. कुठं तपासत्यात?" रखवालदार म्हणाला, "मावशी, सरळ जावा, पिंपळाच्या झाडापासनं उजवीकडं, जिना चढू नका, खालीच हाय." त्या गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. पिंपळापासून उजवीकडे वळल्यावर दारावर पाटी होती, 'विकृतिशास्त्र विभाग'. बाई त्या पाटीखालून पुढे निघून गेल्या. त्यांना अक्षरं वाचता येत होती. पण विकृतिशास्त्र म्हणजे रक्त तपासायची जागा, हे त्यांना कोण सांगणार?

त्या इमारतीत अशा पाट्या जागोजागी होत्या. हाडाच्या डॉक्टरांच्या दारावर 'अस्थिव्यंगोपचार', सोनोग्राफीच्या दारावर 'क्ष-किरणशास्त्र', केसपेपर काढायच्या खिडकीवर 'बाह्यरुग्ण नोंदणी कक्ष'. या मराठीत चूक काहीच नाही. कुणीतरी कष्टानं घडवलेले शब्द आहेत ते, आणि वैद्यकीय परिषदेच्या अहवालात ते शोभतातही. पण ती विभागाची नावं झाली. रुग्णाला विभागात जायचं नसतं. त्याला रक्त तपासायचं असतं, हाड दाखवायचं असतं, औषध घ्यायचं असतं. पाटीवर ठळक अक्षरांत 'रक्त-लघवी तपासणी' आणि खाली बारीक अक्षरांत 'विकृतिशास्त्र' असं लिहिलं, तर शासनाचा नियमही राहतो आणि मावशींची फेरीही वाचते. मराठी पाटीचा आग्रह जरूर धरावा. पण तो मराठी माणसाला कळणाऱ्या मराठीचा असावा. आणि त्यात देवनागरीला पुरेशी जागा द्यावी. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीइतक्याच उंचीच्या पट्टीत ती कोंबली, की अक्षर आपोआप लहान होतं आणि मराठी ओळ दुरून वाचता येत नाही.

त्या बोळात आणखी एक गोष्ट दिसली. छापील पाट्यांच्या आसपास हातानं लिहिलेले कागद चिकटवलेले होते. 'इंजेक्शन इथे मिळत नाही.' 'एक्स-रे साठी मागे जा.' 'चौकशी करू नये, जिन्याखाली विचारा.' आपण अशा कागदांना गचाळपणा म्हणतो. मला ते त्या जागेचे सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतात. दिवसातून शंभर वेळा तोच प्रश्न ऐकून कंटाळलेल्या परिचारिकेनं किंवा शिपायानं दिलेलं ते उत्तर असतं. लोक नेमके कुठं चुकतात, याची ती आयती यादी आहे. नव्या पाट्या करायला निघालेल्यानं आधी हे कागद वाचावेत, मग फाडावेत.

याची किंमत पैशांतही मोजता येते. अमेरिकेतल्या ६०४ खाटांच्या एका रुग्णालयाचा क्रेग झिमरिंग यांनी केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. रस्ता सांगणं हे ज्यांचं काम नाही, अशा डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांचे वर्षाला साडेचार हजारांहून अधिक तास लोकांना वाट सांगण्यात जात होते. वाट न सापडण्याचा एकूण खर्च वर्षाला २ लाख २० हजार डॉलरांहून जास्त निघाला. आपल्याकडे हा हिशेब कुणी मांडत नाही, कारण तो खर्च रुग्णालयाच्या वहीत येत नाही. तो मावशींच्या वहीत येतो. बारा वाजता खिडकी बंद होते, सव्वाबाराला त्या पोहोचतात. 'उद्या या.' उद्या म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या मुलाची वेगळी. पंधरा मिनिटांची चुकलेली वाट एका घराला दोन दिवसांना पडते. कित्येकदा माणूस पुन्हा येतच नाही, आणि रोग अंगावर काढतो.

कुणी म्हणेल, आता हातोहाती मोबाइल आहेत, नकाशे त्यात आहेत, पाट्यांची काय मातब्बरी? मोबाइल फाटकापर्यंत आणून सोडतो, हे खरं. पण फाटकाच्या आत, तीन मजल्यांच्या काँक्रीटखाली, त्याचा निळा ठिपका गोंधळतो. कोणत्या खिडकीवर आधी जायचं आणि कोणत्या खिडकीवर मग, हे तर तो सांगतच नाही. आणि ज्याला या पाटीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडे तो फोन असेलच, किंवा त्या क्षणी त्यात चार्जिंग असेलच, असं नाही.

मग करायचं काय? याला मोठा निधी लागत नाही. कार्यालयाच्या, रुग्णालयाच्या प्रमुखांनी एक सकाळ काढावी. इमारतीत कधीही न आलेला एक माणूस बोलवावा, शक्यतो खेड्यातला, वयस्कर. त्याच्या हातात केसपेपर किंवा अर्ज द्यावा आणि म्हणावं, 'हे काम करून या.' आपण दहा पावलं मागून चालावं, बोलू नये. तो जिथं थबकतो, जिथं मागे वळतो, जिथं कुणाला विचारतो, तिथं खडूनं फुली मारावी. संध्याकाळपर्यंत फुल्या मोजा. पाट्यांची जागा तुम्हाला कळलेली असेल. मग रखवालदाराला विचारा, लोक कोणत्या शब्दांत विचारतात. तेच शब्द पाटीवर घाला. मगच रंग, अक्षर, आकार यांचा जाणकार बोलवा. त्याच्या कामाला तेव्हा अर्थ येईल. पाट्या आधी साध्या पुठ्ठ्यावर लिहून आठवडाभर टांगा, पुन्हा एक नवा माणूस चालवून बघा, आणि मग पक्क्या करा.

हे इमारत बांधणाऱ्यानं किंवा तिथं वीस वर्षं नोकरी केलेल्यानं स्वतःच्या मनानं करू नये, याचं कारण त्याची बुद्धी कमी आहे हे नव्हे. त्याला वाट पाठ आहे, एवढंच. ज्याला वाट पाठ असते, त्याला ती न सापडण्याचा अनुभव आठवत नाही. पाटीची परीक्षा नेहमी नवख्यानंच घ्यायची असते.

आणखी एक. काही पाट्या काढून टाकायची तयारी ठेवा. हलवलेल्या विभागाची जुनी पाटी, तीन वर्षांपूर्वीच्या शिबिराचा फलक, कुणाच्या स्वागताची कमान. डोळ्यांपुढे वीस गोष्टी आल्या की कामाची एकविसावी दिसत नाही. चुकीची पाटी पाटी नसण्यापेक्षा वाईट, कारण पाटी नसली तर माणूस विचारतो. चुकीची असली तर तो विश्वासानं चुकतो. म्हणून विभाग हलला की त्याच दिवशी पाटी हलवणं, हे कुणा एकाच्या नावावर काम म्हणून लिहिलेलं असावं. जे सगळ्यांचं काम असतं ते कुणाचंच नसतं.

विचारत विचारत गेलं की सापडतं, असं आपण सहज म्हणून जातो. विचारणं वाईट नाही. त्यातून दोन शब्द बोलणं होतं, कधी ओळखही निघते. पण विचारायची सोय असणं वेगळं आणि विचारल्याशिवाय गत्यंतर नसणं वेगळं. ज्याला बोलता येत नाही, जो बुजतो, जिला चारचौघांत 'स्त्रियांच्या आजाराचे डॉक्टर कुठं' हे मोठ्यानं विचारायची लाज वाटते, त्यांना आपापली वाट आपापली सापडली पाहिजे. सरकारी इमारतीत नागरिक पहिलं पाऊल टाकतो, तेव्हा शासनाशी त्याची पहिली भेट साहेबांशी होत नाही, पाटीशी होते. त्या पाटीनं त्याच्याशी त्याच्या भाषेत, त्याच्या उंचीवर, वेळेवर बोलावं, एवढीच अपेक्षा आहे.